करडू तांबडीचं, रेघा काळीच्या

मला न केलेल्या चुका कबूल करायची सवय आहे. शाळेत गुरुजींनी नुसतं "काच कुणी फोडली?" असं विचारलं तरी माझे कान लाल व्हायचे आणि छडी मलाच बसायची. याचं मूळ बहुधा आमच्या घरात असावं. बारामतीतल्या आमच्या घरी सकाळची वंदना झाल्याशिवाय चहाचं आधण चढत नसे, आणि पंचशीलातलं खोटं न बोलण्याचं शील आलं की वडील डोळे उघडून माझ्याकडे बघत. भावंडं शेजारीच बसलेली असायची. माझ्याकडेच का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी केलंय अशी त्यांची खात्रीच झाली असती.

असा माणूस प्रयोगशाळेत नोकरीला लागला, हे त्या प्रयोगशाळेचं दुर्दैव.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. काटेवाडीच्या रस्त्याला एका जुन्या गोदामाच्या दोन खोल्यांत आमचं काम चाले. आम्ही म्हणजे सर आणि मी. सरांना शेळ्यांच्या जनुकांचा नकाशा करायचा होता. सुरुवात भुंड्या शेळ्यांपासून, म्हणजे ज्यांना शिंगं येतच नाहीत त्यांच्यापासून. पद्धत सांगायला सोपी आहे. शेळ्यांचं एक घराणं घ्यायचं: बोकड, शेळ्या, त्यांची करडं. प्रत्येकाच्या रक्तातून डीएनए काढायचा, त्यातले ठरावीक तुकडे वाढवायचे आणि जेलच्या पातळ थरावर त्यांच्या रेघा पाडायच्या. प्रत्येक करडाला एक रेघ आईकडून येते, एक बापाकडून. मग भुंडेपणाबरोबर कोणती रेघ घराण्यात चालत येते ते बघायचं. जी रेघ त्याची साथ सोडत नाही, तिच्या आसपासच ते जनुक बसलेलं असणार.

परदेशात हे तुकडे वाढवायला यंत्र होतं. आमच्याकडे तीन पातेली होती.

एकात जवळजवळ उकळतं पाणी, दुसऱ्यात हात घातला तर चटका बसेल एवढं, आणि तिसऱ्यात या दोहोंच्या मधलं. थर्मोकोलच्या तुकड्याला भोकं पाडून त्यात चिमुकल्या नळ्या खोचलेल्या. तो तराफा पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून पुन्हा पहिल्यात, असा अख्खी दुपार फिरवत बसायचं. हे फिरवणारं यंत्र म्हणजे मी. पाण्याची वाफ होऊ नये म्हणून सरांनी वर गोडेतेलाचा थर सोडला होता. त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेला कायम भजी तळल्याचा वास येई, आणि गोदामाचा वॉचमन रोज दाराशी येऊन आशेनं विचारी, "आज काय बेत?"

जेलची पेटी गाड्यांच्या नंबर प्लेटा करणाऱ्या पेंटरकडून ॲक्रिलिकमध्ये करून घेतली होती. पेटी उत्तम झाली. फक्त त्यानं सवयीनं तिच्यावर लाल अक्षरांत 'आई-वडिलांचा आशीर्वाद' रंगवून दिलं. सर म्हणाले, "राहू दे. आपला विषयच तो आहे." रेघा दिसायला जेल चांदीच्या क्षाराच्या पाण्यात भिजवावं लागे. नळाचं पाणी त्यात पडलं की सगळं दुधासारखं पांढरं होऊन जाई, म्हणून आम्ही गॅरेजमधून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणायचो. त्या पाण्यात, त्या पेटीत, हळूहळू तपकिरी रेघा उमटायच्या, तेव्हा सर लहान मुलासारखे टाळ्या वाजवत.

पण आमच्या डोक्यावर एक गोष्ट टांगलेली होती. पैसे पुरवणाऱ्या पुण्याच्या संस्थेचे दोन पाहुणे येऊन ही स्वस्तातली पद्धत भरवशाची आहे की नाही ते ठरवणार होते. भरवसा ओळखायचा कसा, तेही त्यांनी कळवलं होतं: करडाची प्रत्येक रेघ त्याच्या आईत किंवा बापात सापडली पाहिजे. सर त्याला म्हणत, "एकही अनाथ रेघ नको." अनाथ रेघ निघाली तर खोल्या परत द्यायच्या, पातेली विकायची आणि मी पुन्हा दूध संकलन केंद्रावर जायचं. तिथं मी आधी फॅट तपासायचो. त्या कामाच्या ॲसिडनं माझ्या सगळ्या सदऱ्यांना भोकं पडलेली होती. माझ्या बायकोनं ती भोकं रफू केली होती, आणि पुन्हा रफू करणार नाही असं तिनं स्पष्ट सांगितलं होतं.

शेळ्या विकत घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून अंथुर्ण्याला माझ्या सासुरवाडीच्या शेळ्या कामाला आल्या. सासूबाई माझ्या मामीच लागतात. त्यांचा स्वभाव असा की गोठ्यात शेळ्या त्यांच्याकडे बघूनच पान्हा सोडत असाव्यात. मी बायकोच्या मदतीनं एकेका शेळीच्या मानेच्या शिरेतून रक्त काढलं आणि मामींना विचारत गेलो, "याची आई कोण?" मामी बोट दाखवत गेल्या. काळी शेळी आणि तिचं करडू, एक बोकड. तांबडी शेळी आणि तिची भुंडी पाट. पाट म्हणजे मादी करडू. ही पाट कानापर्यंत काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका, आणि नजर अशी की घरातल्या सगळ्यांना तिनं वेड लावलेलं. मामी तिला मांडीवर घेऊन बाजरीची भाकरी चारत.

पहिल्या खेपेच्या सगळ्या करडांच्या रेघा आल्या. सगळी आपापल्या आईबापांवर गेली होती. एक सोडून. तांबडीच्या पाटीची एक रेघ बापाची होती, आणि दुसरी तांबडीत नव्हती. अनाथ.

सरांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "काय झालं असेल?"

मला विचारायची खोटी. मी सांगायला सुरुवात केली. नळी उघडी असताना मी वॉचमनशी बोललो होतो, थुंकी उडाली असेल. दुसऱ्या पातेल्यात तराफा असताना मला डुलकी लागली असण्याची शक्यता होती. भजी खाऊन हात धुतले होते, पण साबणानं नव्हे. सर ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "अरे, थुंकीनं तुझी रेघ येईल. शेळीची कशी येईल?"

मी म्हणालो, "तरी पण सर, चूक माझीच असणार."

आम्ही पुन्हा केलं. या वेळी मी तोंडाला रुमाल बांधला, वॉचमनला हातानंच नाही म्हणून खुणावलं, आणि डुलकी येऊ नये म्हणून उभं राहून पातेली फिरवली. रेघ तीच आली. दुसरा तुकडा घेतला, तिथंही अनाथ. तिसऱ्यातही. आणि आता मला आणखी एक गोष्ट दिसली: पाटीच्या अनाथ रेघा जेलवर शेजारीच असलेल्या काळीच्या रेघांशी प्रत्येक ठिकाणी जुळत होत्या.

"म्हणजे मी नळ्या बदलल्या," मी म्हणालो. मला जवळजवळ बरं वाटलं. शेवटी चूक सापडली होती.

"मग पुन्हा रक्त आण," सर म्हणाले. "आणि लवकर. पाहुणे येतायत."

मी बर्फाचा थर्मास घेऊन अंथुर्ण्याला गेलो. मामी अंगणात पाटीला घेऊन बसल्या होत्या. समोर दगडावर शेजारचे तात्या तंबाखू मळत होते. तात्या आणि मामी यांचं रोजचं भांडण होतं आणि रोजचा चहाही एकत्रच होता.

"पुन्यांदा रगत?" मामी म्हणाल्या. "लेकराच्या अंगात काय ऱ्हाऊ द्याल का न्हाय?"

"मामी, माझी चूक झाली. नळ्यांची अदलाबदल झाली बहुतेक."

"कसली अदलाबदल?" तात्यांनी विचारलं.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण कुणी विचारलं की सांगायचं, हे माझ्या रक्तातच आहे. मी दगडावर तात्यांच्या शेजारी बसून समजावून सांगितलं, की करडाची एक रेघ आईची असते, आणि या पाटीची रेघ तांबडीशी जुळत नाही, काळीशी जुळते, म्हणजे मीच घोळ घातलाय.

तात्यांचं तंबाखू मळणं थांबलं. "काळीशी? माझ्या काळीशी?"

"तुमची काळी?" मी म्हणालो.

"मंग कुनाची? काळी माझी हाय. वैनीकडं अर्धलीनं दिल्याली." तात्यांनी मामींकडे बघितलं. "वैनी, काळीला एकच बोकड झाला म्हनला व्हतासा न्हवं?"

अर्धलीचा व्यवहार आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. शेळी एकाची, सांभाळायची दुसऱ्यानं, करडं दोघांत निम्मी. मला फक्त एवढंच ठाऊक नव्हतं की काळी त्या व्यवहारातली आहे.

मामी उठल्या. पाट त्यांच्या कडेवर होती. "जावईबापूंचं यंत्र खोटं हाय," त्या म्हणाल्या. "तीन पातेली आन एक डबा. त्येचं काय ऐकताय तात्या?"

"आस्सं? मंग त्यानला पगार कशाचा देत्यात?"

"ते मला काय इचारता? सायबाला इचारा. काय वो जावईबापू, यंत्र खोटं हाय का न्हाय?"

दोघंही माझ्याकडे बघू लागले. तांबडी शेळीसुद्धा बघत होती असं मला वाटलं. मी म्हणालो, "असेल मामी. माझीच चूक असेल." आणि रक्त न काढताच थर्मास घेऊन निघालो. रस्ताभर बर्फ आत खळखळ वाजत होता.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आईनं लावून दिलं असेल."

"म्हणजे?"

"म्हणजे तांबडीचं करडू मेलं असेल. काळीला दोन झाली असतील. मग त्यातलं एक तांबडीच्या विण्याच्या पाण्यात चोळून तिच्यापुढं ठेवायचं. ती चाटते, पाजते, झालं तिचं. लहानपणापासून बघतेय मी. आईच्या हाताला यश आहे." तिनं भाजी बाजूला ठेवली. "आता नेमकं चांगलंच करडू तिच्याच शेळीकडं कसं जातं, ते मला विचारू नका."

म्हणजे नळ्या बरोबर होत्या. पातेली बरोबर होती. पद्धत खरी होती. आयुष्यात पहिल्यांदा चूक माझी नव्हती, आणि या परिस्थितीत कसं वागायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"सरांना सांगा की," बायको म्हणाली.

"सांगून काय उपयोग? पाहुणे म्हणतील, जमलं नाही म्हणून सासूवर ढकलतोय. ते मामींनी सांगायला पाहिजे. आणि मामींनी सांगितलं तर पाट जाईल."

"आणि नाही सांगितलं तर तुम्ही फॅट तपासायला जाल."

यावर मी म्हणालो की सासूच्या तोंडचा घास काढण्यापेक्षा सदऱ्याला भोकं परवडली. वाक्य चांगलं जमलं होतं. बायको म्हणाली, "सदरे कोण रफू करणार, ते आधी बघा," आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती माहेरी गेली. तिथं काय बोलणं झालं ते मला आजवर कळलेलं नाही. संध्याकाळी परत आली तेव्हा एवढंच म्हणाली, "आई विचार करते म्हणाली." माझ्या माहितीत मामींनी याआधी विचार करते असं कधीच म्हटलेलं नव्हतं.

पाहुणे आले. एक उंच, कमी बोलणारे. दुसरे जाड, सारखं घड्याळ बघणारे. सरांनी त्यांना जेल दाखवलं, तक्ता दाखवला, आणि त्या पाटीच्या रेघांपाशी आले तसे चष्मा पुसू लागले. उंच पाहुण्यांनी तिथंच बोट ठेवलं. "ही कुठून आली?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. माझ्या जिभेवर 'चूक माझीच' हे शब्द आपोआप येऊन बसले होते, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"हितं सैपाक करतासा का काय? तेलाचा वास सुटलाय."

मामी होत्या. नऊवारी, हातात पिशवी, मागे बायको. वॉचमननं त्यांना अडवलं नव्हतं. त्याला वाटलं अखेर डबा आला. सरांनी खुर्ची दिली. मामी बसल्या नाहीत. त्यांनी तिन्ही पातेली वाकून बघितली, पेटीवरची लाल अक्षरं वाचली, आणि मग सरांना म्हणाल्या, "माज्या पाटीच्या रेघा दावा."

सरांनी दाखवल्या.

"ही काळीची?"

"हो."

"आन ही पाटीची?"

"हो."

"सारकीच हाय की वो."

"तेच तर, बाई," सर म्हणाले.

मामींनी पदर सावरला. "मंग खरं हाय जावईबापूंचं यंत्र. पाट काळीनंच जनली. तांबडीचं मेल्यालं जन्मलं, म्हनून म्या तिला लावली."

घड्याळवाल्या पाहुण्यांनी घड्याळ बघणं सोडलं. "मग आधी का नाही सांगितलंत?"

"मला इचारलं, हिची आई कोन. म्या आई सांगितली. जिनं चाटलं, जिनं पाजलं, ती आई न्हाय तर कोन?"

सर हळूच म्हणाले, "बाई, अशी आणखी किती आहेत?"

मामी बोटांवर मोजायला लागल्या. एक हात संपल्यावर सर खुर्चीत बसले. सुदैवानं ती सगळी दुसऱ्या खेपेची करडं होती. त्यांचं रक्त आमच्या फ्रीजमध्ये पडून होतं, रेघा अजून पाडलेल्या नव्हत्या. हे कळताच उंच पाहुण्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. ते मामींना व्हरांड्यात घेऊन गेले आणि त्यांतल्या दोन करडांच्या खऱ्या आया त्यांच्याकडून कानात सांगून घेतल्या. परत येऊन मला म्हणाले, "आता तुम्ही सांगा. घाई नाही, आम्ही मुक्कामाला आहोत."

मी कामाला लागलो. इतक्या धास्तीनं मी पातेली कधी फिरवली नव्हती. दुसऱ्या दिवशी चांदीच्या पाण्यात रेघा उमटल्या, मी दोन्ही आया सांगितल्या. उंच पाहुणे म्हणाले, "बरोबर." सरांनी टाळ्या वाजवल्या. जाड पाहुणे म्हणाले, की पद्धत भरवशाची आहे, घराणं मात्र अजिबात भरवशाचं नाही. तेव्हा सगळं काम पहिल्यापासून, आणखी घराणी घेऊन करावं लागेल. म्हणजे नोकरी राहिली, आणि वाढली.

मी मात्र दोन दिवस जेवलो नाही. अर्धलीच्या हिशेबानं बोकड मामींना राहून पाट आता तात्यांकडे जाणार होती, आणि ते माझ्या रेघांमुळे. मी मामींची माफी मागायला गेलो, तर अंगणात वेगळाच तमाशा चालू होता. तात्या पाटीला उचलून काळीकडे नेत होते. काळीनं हुंगलं आणि ढुशी मारली. पाट बें बें करत तांबडीकडे पळाली. तात्यांनी पुन्हा आणली. काळीनं पुन्हा ढुशी मारली, आणि या वेळी तात्यांनाही. तांबडी दावं तोडायला बघत होती.

"ऱ्हाऊ द्या हितंच," मामी म्हणाल्या. "पाट तुमची. म्या कबूल केलंय, आता फिरत न्हाय. पर दूध तांबडीचं पिनार, चारा माजा खानार. मंग अर्धी माजी."

"माजंच करडू मला अर्ध?"

"अर्धलीचा रिवाजच हाय तसा."

तात्या माझ्याकडे वळले. "जावई, तुमच्या यंत्रात याचं काय?"

मी म्हणालो की यंत्र दुधाचं काही सांगत नाही, आणि याबद्दल मला फार वाईट वाटतं.

पुढच्या महिन्यात सरांनी नवी घराणी आणायला सांगितलं, तेव्हा मी पहिल्यांदा तात्यांच्या गोठ्यात गेलो. शेळ्या धरायला बायकोबरोबर मामीही आपणहून आल्या. तात्या सांगत होते, मी रक्त घेत होतो, मामी पाय धरत होत्या. कोपऱ्यात एक बांडी पाट होती, पांढऱ्या-तांबड्या डागांची. मी तिच्याकडे वळलो तसे तात्या म्हणाले, "हिचं ऱ्हाऊ द्या."

"का हो तात्या?"

"आजारी हाय. काल धरनं खाईना."

बांडी त्या वेळी तात्यांच्या धोतराचा सोगा चघळत होती.

मामींनी एकदा बांडीकडे बघितलं, एकदा गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधलेल्या दुसऱ्याच एका तांबड्या शेळीकडे. ती शेळी मामींची, तात्यांकडे अर्धलीनं दिलेली, आणि दिवाळीच्या आसपास तिचं करडू मेल्याचं तात्यांनी सांगितलं होतं, हे बायकोनं माझ्या कानात कुजबुजून सांगितलं. एवढ्यात मामींनी बांडीला गुडघ्यांत घट्ट धरलं.

"वैनी, तुमच्या जावयाचं यंत्र पातेल्यांचं हाय," तात्या म्हणाले. "तुमीच म्हनला व्हतासा, खोटं हाय म्हनून."

"माज्या पाटीवर खरं ठरलं की वो तात्या. तुमच्याबी ठरंल." मामींनी अंगठ्यानं बांडीच्या मानेवरचे केस बाजूला सारले आणि शीर माझ्यापुढे धरली. "घ्या जावईबापू. चांगलं भरून घ्या."